कचेरी घरीं आली

कामासाठीं रोज सकाळीं घर सोडून दूर जावयाचें आणि दिवस मावळल्यावर परत यावयाचें, ही रीत आज इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती फार जुनी नाहीं हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पालघर तालुक्यांत समुद्रकांठीं मुरबे नांवाचें मच्छिमारांचें गांव आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस खाडी आणि खाडीपलीकडे पापलेटासाठीं प्रसिद्ध असलेलें सातपाटी. अशा गांवांत घर कोठें संपतें आणि कामाची जागा कोठें सुरू होते, हें सांगणें कठीण. पुरुष होड्या घेऊन समुद्रावर जातात खरे. परंतु जाळीं सांधण्याचें काम अंगणांत चालतें, मासळी निवडण्याचें व सुकविण्याचें काम दाराशीं चालतें, आणि विक्रीचा हिशेब घरची बाई ओटीवर बसूनच करते. देशावरच्या गांवांतहि याहून निराळी स्थिति नव्हती. सुताराचा, कुंभाराचा, कोष्ट्याचा व्यवसाय घराच्या पडवींत चाले. फार काय, सरकारी लेखनाचें कामहि घरींच होई. गांवच्या कुळकर्ण्याचें दप्तर त्याच्या स्वतःच्या घरीं असे. आज ज्यास ‘वर्क फ्रॉम होम’ असें म्हणतात, तें त्या काळीं कोणी नांव देण्याजोगें नवल नव्हतें.

हें चित्र पालटलें तें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. १८५३ मध्यें बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी गेली. पुढच्याच वर्षीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत सुताच्या गिरणीसाठीं मंडळी उभारली, व १८५६ मध्यें ती गिरणी चालूं लागली. गिरणीचें सामर्थ्य वाफेंत होतें, आणि वाफेचें यंत्र एका जागेवरून हलणारें नव्हतें. म्हणून मजुरास यंत्राकडे जावें लागलें. त्याच सुमारास व्यापाराच्या पेढ्या, रेल्वेच्या व सरकारच्या कचेऱ्या वाढूं लागल्या. तेथें यंत्र नव्हतें, पण कागद होते. फायली, वह्या, नकाशे, शिक्के हें सर्व एकाच इमारतींत ठेवलेलें असे, आणि ज्याला तें पाहावयाचें त्यानें तेथें जाणें भाग होतें. यंत्र हलत नव्हतें म्हणून मजूर हलला, आणि कागद हलत नव्हते म्हणून कारकून हलला. पुढील दीडशें वर्षांचा मुंबईचा इतिहास बऱ्याच अंशीं या दोन कारणांचाच विस्तार आहे.

मुंबई–बडोदा मार्गाची रेल्वे १८६४ मध्यें ग्रँट रोडपर्यंत पोहोंचली, आणि १८६७ च्या एप्रिलमध्यें विरारहून मुंबईस येणारी व परत जाणारी एक एक गाडी सुरू झाली. १९२५ मध्यें व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची गाडी धांवली. पश्चिमेकडच्या मार्गावर वीज १९२८ मध्यें बोरिवलीपर्यंत व १९३६ मध्यें विरारपर्यंत गेली. प्रत्येक वेळीं गाडी जेथवर पोहोंचली तेथवर शहर पसरत गेलें. आणि शहर पसरलें म्हणून गाड्या पुन्हां अपुऱ्या पडल्या. ‘चाकरमानी’ हा शब्द कोंकणांतील घरोघरीं रूढ झाला तो याच काळांत. घरचा कर्ता मुलगा जेथें राहतो तें गांव एक, आणि जेथें मिळवितो तें गांव दुसरें, ही स्थिति त्या एका शब्दांत सामावली आहे.

मुरबे ज्या पट्ट्यांत आहे तेथें हा ओघ दोन्ही दिशांनीं आला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, व पुढें बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. तेथें रसायनें, रंग, औषधें, कापड व पोलाद यांचे कारखाने आले. १९६९ मध्यें तारापूरचें अणुवीज केंद्र वीज देऊं लागलें. हें भारतांतील पहिलें अणुवीज केंद्र होय. त्याच्या पुढील विस्तारासाठीं पोफरण व अक्करपट्टी हीं दोन गांवें जागेवरून उठविण्यांत आलीं. डहाणूस १९९५ च्या सुमारास मुंबईच्या उपनगरांस वीज पुरविणारें ५०० मेगावॅटचें कोळशावरील केंद्र सुरू झालें. एकीकडे बाहेरचे लोक बोईसरला कामास येऊं लागले, तर दुसरीकडे बोईसर-पालघरचे लोक मुंबईस कामास जाऊं लागले. १६ एप्रिल २०१३ रोजीं उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत नेण्यांत आली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. बोईसर ते चर्चगेट हें अंतर सुमारें १०० किलोमीटर आहे. रोज दोनशें किलोमीटर आणि वर्षाचे कामाचे दिवस अडीचशें धरले, तर तेथील कारकून वर्षांत ५०,००० किलोमीटर प्रवास करतो. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे एका टेबलाजवळ जाऊन बसण्यासाठीं हा मनुष्य दर वर्षीं पृथ्वीप्रदक्षिणा घालून वर पाव फेरी अधिक मारतो!

या प्रवासाची खरोखर आवश्यकता आहे काय, असा प्रश्न पद्धतशीरपणें प्रथम विचारला गेला तो अमेरिकेंत. लॉस एंजल्स शहरांतील मोटारींच्या गर्दीनें त्रासलेले जॅक नाइल्स नांवाचे एक अभियंते अवकाशयानांच्या संशोधनांत काम केलेले होते. जें शास्त्र चंद्रावर माणूस उतरवूं शकतें, त्यास कामगाराची मोटार रस्त्यावरून कमी करतां येऊं नये काय, या विचारानें १९७३ मध्यें दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत त्यांनीं एक प्रयोग हातीं घेतला. एका विमा कंपनीच्या नोकरांना शहराच्या मध्यांतील मोठ्या कचेरींत न बोलावतां त्यांच्या घराजवळच्या लहान कचेऱ्यांत बसवावयाचें, आणि काम तारेनें पाठवावयाचें, असें त्याचें स्वरूप होतें. ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द त्यांचाच. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली, व पेट्रोलचा प्रश्न एकाएकीं जिव्हाळ्याचा झाला. नाइल्स व त्यांचे सहकारी यांचा ग्रंथ १९७६ मध्यें प्रसिद्ध झाला. १९७९ मध्यें फ्रँक शिफ या अर्थशास्त्रज्ञानें वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रांत लेख लिहून घरीं काम केल्यानें पेट्रोल वांचेल असें प्रतिपादिलें, व १९८० मध्यें ॲल्विन टॉफलर यांनीं विजेच्या साधनांनीं सज्ज अशा झोपडींत चालणाऱ्या उद्योगाचें चित्र रंगविलें. तेव्हां घरून काम ही कल्पना जन्मली ती मुळांत सोयीसाठीं नव्हे, तर इंधन व हवा यांच्या काळजींतून, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

कल्पना निघाली, परंतु ती चाळीस वर्षें पडून राहिली. यास कारणें दोन. पहिलें कारण साधनांचें. मुंबईंत टेलिफोनची अदलाबदल कचेरी १८८२ मध्येंच निघाली असली, तरी शंभर वर्षांनंतरहि घरीं टेलिफोन मिळावा म्हणून लोकांस वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. सामान्य जनतेस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, आणि तेंहि टेलिफोनच्या तारेवरून रखडत येणारें. दुसरें कारण विश्वासाचें. जो नोकर डोळ्यांसमोर बसला आहे तोच काम करीत आहे, असा मालकवर्गाचा पिढ्यानपिढ्यांचा समज होता. सरकारी नियमहि या समजास पोषक होते. दूरध्वनीवरून सेवा देणाऱ्या कंपन्यांना आपले नोकर घरीं बसवावयाचे असतील तर दूरसंचार विभागाची खास परवानगी काढावी लागे व अनामत ठेवावी लागे.

ही चाळीस वर्षांची अडचण २०२० च्या मार्चमध्यें कांहीं दिवसांत नाहींशी झाली. कोरोनाची साथ आली. देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आणि महायुद्धांतहि कधीं थांबली नव्हती ती मुंबईची लोकल सर्वसामान्य उतारूंसाठीं बंद झाली. जून २०२० मध्यें ती केवळ अत्यावश्यक सेवकांसाठीं सुरू झाली. सर्व लोकांना ठराविक वेळीं प्रवासाची मुभा मिळाली ती १ फेब्रुवारी २०२१ पासून. दूरसंचार विभागानें मार्चमध्यें नियम सैल केले, व नोव्हेंबर २०२० मध्यें ते बहुतेक रद्दच केले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या लक्षावधि नोकर असलेल्या कंपनीनें २०२५ पर्यंत आपल्या नोकरांपैकीं चतुर्थांशांहून अधिकांनीं कचेरींत बसण्याची आवश्यकता राहणार नाहीं, असें जाहीर केलें. कागद आतां तारेवरून हलूं लागला होता. म्हणून कारकून घरीं थांबला.

त्या उन्हाळ्यांत शहरांवरचें आकाश निवळलें, आणि पुष्कळांना वाटलें कीं, सृष्टीच्या दुखण्यावर हाच उपाय. शास्त्रज्ञांनीं मोजमाप केलें तेव्हां असें दिसलें कीं, एप्रिल २०२० च्या आरंभीं जगांतील कार्बन डायऑक्साइड वायूचें रोजचें उत्सर्जन आदल्या वर्षाच्या मानानें सुमारें १७ टक्क्यांनीं उतरलें होतें. परंतु ही उतरण घरून काम केल्याची नव्हती. कारखाने, विमानें, बाजार, बांधकामें सर्वच थांबलीं होतीं. २०२१ मध्यें तीं पुन्हां सुरू झालीं, आणि उत्सर्जनहि जवळजवळ पूर्वपदावर आलें. तेव्हां टाळेबंदीचें पुण्य घरून कामाच्या खात्यांत जमा करणें हा हिशेबाचा दोष होय.

खरा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें जून २०२० मध्यें तो मांडून पाहिला. जगांतील सुमारें एक पंचमांश नोकऱ्या घरून करतां येण्याजोग्या आहेत, आणि अशा सर्वांनीं आठवड्यांतून एक दिवस घरीं काम केलें, तर वर्षांत सुमारें २ कोटी ४० लक्ष टन कार्बन डायऑक्साइड वांचेल, असें तिनें दाखविलें. हा आंकडा मोठा दिसतो. पण तो लंडनसारख्या एका महानगराच्या वार्षिक उत्सर्जनाच्या आसपासचा आहे. त्याच संस्थेनें आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मुंबईकरांनीं मुद्दाम ध्यानांत घेण्यासारखी आहे. मोटारीनें लांब अंतर जाणारा मनुष्य घरीं राहिला तर इंधन वांचतें. परंतु ज्याचें अंतर थोडें आहे, किंवा जो सार्वजनिक वाहनानें जातो, तो घरीं राहिल्यानें उत्सर्जन उलट वाढण्याचाहि संभव असतो.

हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें, पण त्याची कारणमीमांसा सोपी आहे. नाइल्स यांचें गणित लॉस एंजल्सचें होतें. तेथें एक नोकर म्हणजे एक मोटार. नोकर घरीं राहिला कीं मोटारहि घरीं राहिली. चर्चगेटची लोकल तशी नाहीं. बोईसरचा एक उतारू घरीं राहिला म्हणून गाडी रद्द होत नाहीं. ती तेवढीच वीज घेऊन तेवढ्याच वेळीं सुटते. त्याच्या घरीं मात्र दिवसभर पंखा, दिवा, संगणक, आणि परवडत असेल तर वातानुकूलनाचें यंत्र चालूं राहतें. कचेरींत एका यंत्रानें पन्नास जणांची खोली थंड होत होती. आतां पन्नास घरांत पन्नास यंत्रें लागतात. त्यांतून कचेरी पूर्ण रिकामी न होतां अर्धीमुर्धी भरत असेल, तर तेथील दिवेहि जळतच राहतात. २०२३ मध्यें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या संशोधकांनीं काढलेला निष्कर्ष याच प्रकारचा आहे. सर्व दिवस घरून काम करणाऱ्याचा कामापुरता कार्बनभार ५४ टक्क्यांपर्यंत कमी होऊं शकतो. आठवड्यांतून एकच दिवस घरीं राहिल्यास तो अवघा २ टक्के कमी होतो. आठवड्यांतील एकाच दिवसाच्या बदलाचा लाभ जवळजवळ शून्य मिळतो, असा याचा अर्थ.

मग मुंबईच्या बाबतींत घरून कामाचा उपयोग नाहीं काय? उपयोग आहे, पण तो निराळ्या जागीं आहे. गाडींतील एक मनुष्य कमी झाल्यानें हवा स्वच्छ होत नाहीं, परंतु दाराशीं लटकणाऱ्या दुसऱ्या मनुष्यास आंत उभें राहण्यापुरती जागा होते. जाण्यायेण्याचे रोजचे चार-पांच तास वांचतात. हे तास कोणत्याहि पर्यावरणाच्या आंकडेवारींत दिसत नाहींत. पण ज्या घरांतील माणूस पहांटे अंधारांत निघून रात्रीं अंधारांत परततो, त्या घरास त्यांचें मोल सांगावयास नको. त्याचबरोबर हेंहि खरें कीं, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत नवऱ्याची कचेरी एका कोपऱ्यांत, बायकोची दुसऱ्या कोपऱ्यांत आणि मुलांची शाळा मध्यें, अशी स्थिति त्या दोन वर्षांत लाखों कुटुंबांनीं सोसली. आणि घरकामाचा वाढलेला भार बहुतेक ठिकाणीं बाईवरच पडला.

सभा-संमेलनांचीहि हीच कथा. हवामानबदलाविषयींची संयुक्त राष्ट्रांची २०२० मध्यें भरावयाची परिषद एक वर्ष पुढें ढकलावी लागली. तिच्या पूर्वतयारीची बैठक ३१ मे ते १७ जून २०२१ या दिवसांत संगणकाच्या पडद्यावरच भरली. हजारों प्रतिनिधींचा विमानप्रवास वांचला, हा मोठाच लाभ. परंतु कित्येक गरीब देशांच्या प्रतिनिधींना धड जोडणी मिळेना. कोणास मध्यरात्रीं बसावें लागे, कोणास पहांटे. आणि कोणतेहि औपचारिक निर्णय त्या बैठकींत घेण्यांत आले नाहींत. दोन भाषणांच्या मधल्या वेळांत दालनाबाहेर उभें राहून जो समजुतीचा शब्द बोलला जातो, तो तारेवरून जात नाहीं, असाच अनुभव आला. आपल्याकडेहि त्या काळांत न्यायालयांच्या व हरित न्यायाधिकरणाच्या सुनावण्या पडद्यावरून झाल्या. दूरच्या पक्षकाराचा खर्च त्यामुळें वांचला, हें मान्य करावयास हवें.

आतां पुन्हां मुरबे-बोईसरकडे वळलें पाहिजे. कारण या सर्व हिशेबांत जी बाजू सहसा लिहिली जात नाहीं ती तेथें उघडी पडते. कागद हलला, पण यंत्र हललें नाहीं. तारापूरच्या भट्टीजवळ उभा राहणारा कामगार घरून भट्टी पेटवूं शकत नाहीं. पापलेट घरबसल्या जाळ्यांत येत नाहीं. १० एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारनें मासेमारीस टाळेबंदींतून सूट दिली. परंतु बाजार बंद आणि गाड्या बंद असतां मासळी न्यावयाची कोठें, हा प्रश्न त्या आज्ञेनें सुटला नाहीं. घरीं बसण्याची सोय ज्यांच्या कामास होती ते सुरक्षित राहिले; ज्यांच्या कामास नव्हती त्यांना एकतर धोका पत्करावा लागला, नाहीं तर मजुरी सोडावी लागली.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. शहरांतील घरीं बसून केलेलें काम स्वच्छ दिसतें, कारण त्याची घाण दुसरीकडे पडते. उपनगरांतील त्या पंखे-संगणकांना जी वीज लागते, तिच्यांत डहाणूच्या कोळशाचा वाटा आहे. तारापूरच्या विजेचा एक भाग महाराष्ट्रासहि मिळत आला आहे, आणि त्या विजेमागें उठविलेल्या दोन गांवांचीं घरें आहेत. घरोघरीं मागविलीं जाणारीं औषधें, कपडे व रंग यांची पैदास याच वसाहतीसारख्या ठिकाणीं होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पाहणींत देशांतील औद्योगिक क्षेत्रांमध्यें तारापूरचा प्रदूषण-निर्देशांक सर्वांत अधिक, म्हणजे ९३.६९ इतका, भरला होता. तेथील सांडपाणी नवापूरच्या समुद्रांत व आसपासच्या खाड्यांत जातें, मासळी नाहींशी होते, अशी तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनें २०१६ मध्यें हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि पुढें कारखान्यांवर व सामायिक सांडपाणी केंद्रावर भरपाईचा बोजा बसविण्यांत आला. अलीकडे मुरबे येथेंच मोठें बंदर बांधण्याची योजना पुढें आली आहे, व मच्छिमारांनीं तिला विरोध केला आहे. शहरांतला मनुष्य बाजारास न जातां घरीं वस्तु मागवितो, तेव्हां त्याची फेरी वांचते. पण ती वस्तु कोठून तरी जहाजानें, मालगाडीनें, मोटारीनें येतच असते. फेरी नाहींशी होत नाहीं, ती नजरेआड होते.

इतिहासाचा दाखला पाहिला तर तो सावध करणाराच आहे. १८५० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांत तारायंत्र आलें. निरोप क्षणांत जाऊं लागल्यावर प्रवास कमी व्हावयास हवा होता, झालें उलट. तारेनें व्यापार वाढला, आणि व्यापारानें प्रवास वाढला. टेलिफोननें तेंच केलें. १८६५ मध्यें विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें कोळशाविषयीं हेंच दाखविलें होतें कीं, एंजिनास कोळसा कमी लागूं लागला म्हणजे देशांत कोळसा कमी खपत नाहीं. एंजिनें वाढतात आणि खप चढतो. वांचलेली वस्तु वांचून राहत नाहीं, ती दुसऱ्या मार्गानें खर्च होते. घरून कामाची मुभा मिळाल्यावर कित्येकांनीं शहरापासून अधिक दूर घरें घेतलीं. आठवड्यांत दोनच फेऱ्या करावयाच्या, पण त्या अधिक लांबच्या आणि मोटारीनें. अशा ठिकाणीं लाभ हातांत येतां येतां निसटतो.

याचा अर्थ घरून काम हें थोतांड आहे असा नव्हे. मुरबे-सातपाटीच्या शाळेंतून शिकून निघालेल्या मुलामुलींना आजवर दोनच वाटा होत्या: गांव सोडणें, अथवा पृथ्वीप्रदक्षिणेचा तो नित्यक्रम पत्करणें. दीडशें वर्षांनंतर प्रथमच तिसरी वाट निघाली आहे. गांवीं राहून, वडिलांच्या होडीच्या व आईच्या ओट्याच्या सान्निध्यांत राहून, मुंबईच्या वा परदेशच्या कचेरीचें काम करतां येईल, ही गोष्ट लहान नाहीं. त्यासाठीं खंड न पडणारी वीज पाहिजे, भरंवशाची जोडणी पाहिजे, आणि ज्यांच्या घरीं जागा नाहीं त्यांच्यासाठीं गांवांतच एखादें सामायिक कामाचें दालन पाहिजे. नाइल्स यांचा मूळ प्रयोग घराचा नव्हता, घराजवळच्या कचेरीचा होता; तो पन्नास वर्षांपूर्वींचा विचार पालघरसारख्या जिल्ह्यास अधिक लागू पडतो. अशा दालनांत एक दिवा पन्नासांस पुरतो, प्रवास पायीं होतो, आणि मोठी कचेरी खऱ्या अर्थानें लहान करतां येते.

परंतु एक अट या सर्वांहून आधींची आहे. जो तरुण गांवीं राहावा अशी इच्छा आहे, त्याचें गांव राहण्याजोगें राहिलें पाहिजे. खाडींत मासळी उरली नाहीं, विहिरीचें पाणी बिघडलें, किनारा भरावाखालीं गेला, तर संगणक घरीं आणून ठेवल्यानें तें घर टिकणार नाहीं. शहरांतील कचेऱ्या घरीं बसून किती टन वायु वांचवितात, हा हिशेब जरूर ठेवावा. पण त्याच वहींत समोरच्या पानावर तारापूरचें सांडपाणी आणि मुरबे-सातपाटीची मासळी यांचेहि आंकडे दर वर्षीं लिहिले गेले पाहिजेत. तीं दोन्ही पानें एकत्र वाचल्यावांचून जमा किती आणि खर्च किती, हें कळावयाचें नाहीं.